तापीच्या उलट दिशेने

भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की सुरतेत फोन वाजू लागतात. जळगावचा मामा, यावलची आत्या, सावद्याचे व्याही, सगळ्यांची चौकशी एकच: "तुमच्याकडे पाणी कितपत चढलं?" हतनूरच्या ४१ दरवाज्यांतून सुटलेलं पाणी सारंगखेडा आणि प्रकाशाचे बंधारे ओलांडून उकाईच्या जलाशयात उतरतं. उकाईची पातळी ३४५ फुटांकडे सरकू लागली की तापीकाठच्या सुरतेची झोप उडते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. शहराच्या पूर्वेकडच्या पर्वत पाटियाला नदीपेक्षा मिठी खाडीचा धाक जास्त; जोराचा पाऊस झाला की खाडीपूर गल्लीत शिरतो. तरी उकाईचा आकडा इथल्या चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतो.

पाणी ज्या खोऱ्यातून येतं, त्याच खोऱ्यातून इथली माणसंही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी व्हॅली रेल्वेचे रूळ पडले आणि खानदेशचा कापूस सुरतेच्या वाटेला लागला. पुढे त्याच रुळांवरून अमळनेर, धरणगाव, नंदुरबार, दोंडाईचा इथली माणसं यंत्रमागांवर, रंगाईच्या मिलमध्ये, कापडबाजारात कामाला आली. उधना, लिंबायत, दिंडोली, गोडादरा आणि पर्वत पाटिया या पट्ट्यात आज अहिराणी कानावर पडत नाही असा चौक सापडणार नाही. सुरत महापालिकेच्या शाळांमध्ये गुजरातीबरोबर मराठी माध्यमाचे वर्गही भरतात. भाजीच्या गाडीवर भरताची वांगी असतात आणि लग्नाच्या पंगतीत शेवभाजी.

पर्वत पाटियावरून सायकल काढून पूर्वेला निघणारा माणूस या सगळ्या ओघाच्या उलट दिशेने जातो. आजोबा ज्या खोऱ्यातून खाली आले, ते खोरं नातू वर चढत जातो. सुरतेच्या सायकलस्वारांना डुमसचा समुद्र जवळ आहे, सपाट रस्ता आहे, रविवारी सकाळी तिकडेच गर्दी असते. तरीही या भागातल्या सायकलींसाठी खरा रस्ता पूर्वेचाच आहे. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर: सुमारे शंभर किलोमीटर, वाटेत तीन नद्यांचं पाणी, एक राज्याची हद्द, आणि वेळ असेल तर उजवीकडे डांगचं अभयारण्य.

हिवाळ्यात सकाळी साडेसहाच्या सुमाराला पर्वत पाटियाच्या चौकात दोन तऱ्हेच्या सायकली दिसतात. एक काळी, उंच दांड्याची, कॅरिअरला जेवणाचा डबा बांधलेली. यंत्रमागाची बारा तासांची पाळी बदलायची वेळ झालेली असते आणि तिच्यावर बसलेला माणूस कामाला निघालेला असतो किंवा कामावरून खोलीवर परतत असतो. दुसरी बारीक टायरांची, खाली वळलेल्या हँडलची, पुढे-मागे लुकलुकते दिवे लावलेली. तिच्यावर हिऱ्याच्या कारखान्यातला कारागीर असतो, कापडबाजारातला हिशेबनीस असतो, एखादी शाळेतली बाई असते. दुसरीच्या किमतीत पहिल्या तऱ्हेच्या दहा-बारा सायकली सहज येतील. शहरातल्या सायकलीबद्दल बोललं जातं तेव्हा दुसरीच डोळ्यांसमोर असते, हे बरोबर नाही. सुरतेचं कापड पहिल्या सायकलीनेही विणलं आहे. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तेव्हा ती बातमी आरोग्यासाठी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा डबा बांधून सायकल चालवणाऱ्यांची होती. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत सुरतेतले कितीतरी मजूर पायी आणि मिळेल त्या सायकलींवर याच रस्त्याने खानदेशाकडे निघाले होते. रुळांच्या कडेने चालत नवापूर गाठणारी कुटुंबं तेव्हा देशाने पाहिली.

लांब पल्ल्याच्या सायकलीचं वेड या पट्ट्यात रुजलं ते अलीकडे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. त्याच सुमारास ब्रेवे हा फ्रान्समधून आलेला प्रकार शहराशहरांत पसरत होता. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. पहिला कोण आला हे इथे कुणी विचारत नाही. वेळेत पोहोचलात की झालं. ज्याला पाळीच्या तासांची सवय आहे, त्याला हा हिशेब पटकन समजतो. पर्वत पाटिया ते नवापूर आणि परत, हे अंतरही जवळपास पहिल्या ब्रेवेइतकंच भरतं, त्यामुळे सराव म्हणून हा रस्ता आपोआप ठरला.

सारोलीच्या कापडबाजाराच्या उंच इमारती मागे पडेपर्यंत सायकल ही केवळ कसरत असते. टेम्पो, रिक्षा, ग्रे कापडाच्या ताक्यांनी लादलेल्या दुचाक्या. कडोदऱ्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की मोकळं वाटू लागतं आणि बारडोलीच्या आधीच ऊस सुरू होतो.

हा ऊस मुळात इथला नव्हता. तापीवर काकरापारचा बंधारा १९५४ मध्ये पुरा झाला, कालव्यांचं पाणी आलं, बारडोलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्वारी-कापसाच्या रानात ऊस पसरला. ज्या बारडोलीने १९२८ मध्ये वल्लभभाईंच्या मागे उभं राहून सारावाढ मोडून काढली, तिचं अर्थकारण पाण्याने पार बदलून टाकलं. नोव्हेंबर ते मार्च या रस्त्याला मळीचा वास असतो. आणि रस्त्याच्या कडेला, शेताच्या मोकळ्या तुकड्यावर, ऊसतोडणी मजुरांचे पडाव असतात.

मोटारीतून हे पडाव दिसतात न दिसतात. सायकलवरून त्यांच्यातून जावं लागतं. बांबूच्या कमानीवर टाकलेलं प्लास्टिक, आत कमरेत वाकूनच शिरता येईल एवढी उंची. दारात तीन दगडांची चूल, तिच्यात उसाचं वाळलं पाचट. बाई भाकरी थापते तेव्हा पाठीमागे बैल वाढं चघळत असतात आणि पोर गाडीच्या चाकाला धरून उभं राहायला शिकत असतं. पुरुष केव्हाच फडात गेलेले. यातली बरीच कुटुंबं खानदेशातून आणि डांगमधून आलेली असतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत फिरून या मजुरांवर सविस्तर लिहिलं आहे. स्थानिक हळपती मजूर उपलब्ध असताना कारखाने दुरून माणसं का आणतात, हा त्यांचा प्रश्न होता. दुरून आलेला माणूस रात्री-अपरात्री केव्हाही कामाला बोलावता येतो, उचल घेतल्यामुळे हंगाम संपेपर्यंत बांधलेला राहतो, हे त्यातलं कडू उत्तर. आणलेल्या मजुराला इथे कोयता म्हणून मोजतात. माणसाची मोजणी हत्याराने होते.

पडावातून जाताना एखादी आजी हटकून विचारते, "कथा चालनात भाऊ?" सायकलवरचा पोरगा नवापूर म्हणतो आणि आजीला आनंद होतो, कारण नवापूर तिच्या गावाच्या वाटेवर आहे. दोघंही एकाच खोऱ्याचे. एकाचे आजोबा शहरात खोली घेऊन राहिले, दुसरीला दर दिवाळीनंतर गाडी जुंपावी लागते. या रस्त्यावर शिकायचं काही असेल तर ते या पाच-सात मिनिटांत आहे.

बारडोलीपुढे महामार्ग ५३ लागतो, हजिऱ्याहून निघून धुळे, नागपूर, रायपूर करत पूर्व किनाऱ्याला जाणारा. चौपदरी, गुळगुळीत आणि सायकलीला जीवघेणा. कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर जी दोन-तीन फूट जागा उरते, तिच्यात खडी, फुटलेल्या टायरांचे तुकडे, पंक्चर झालेले ट्रक आणि उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली. एवढ्या खर्चाचा रस्ता बांधताना त्याच्या कडेने सायकलीला सलग वाट ठेवणं अवघड नव्हतं. शेतातून शाळेला जाणाऱ्या मुली, साखर कारखान्याचे कामगार, दूधवाले, सगळ्यांनाच ती लागते. म्हणून जाणते सायकलस्वार शक्य तिथे महामार्ग सोडून आतल्या रस्त्यांना लागतात. बारडोलीहून कडोद, तिथून तापीकाठचं हरिपुरा, पुढे मांडवी, काकरापार. हरिपुऱ्याला १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्षांच्या रथाला ५१ बैल जोडले होते आणि मंडपासाठी नंदलाल बोस यांनी गावच्या माणसांची चित्रं रंगवली होती, सुतार, शिंपी, दळणारी बाई. त्यांच्यात सायकलवाला असता तर शोभला असता.

आता चढाचं. बारडोली समुद्रसपाटीपासून सुमारे २० मीटरवर, व्यारा ७०, सोनगड ११०. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी दीड-दोन मीटरच चढण. डोळ्यांना ही चढण दिसत नाही, पायांना कळते. चाळीस किलोमीटर झाल्यावर वेग का उतरला याचा उलगडा होत नाही, टायरची हवा तपासून होते, मग लक्षात येतं की आपण केव्हापासून चढतोय. रेल्वेच्या इंजिनिअरांनी याच कारणासाठी ही वाट धरली. पण गंमत अशी की रेल्वेचं नाव तापीचं असलं तरी रूळ इथे तापीच्या काठाने जात नाहीत. तापी उत्तरेला डोंगरांत अडकून येते; रूळ आणि रस्ता दोन्ही बारडोली-व्याऱ्याच्या मिंढोळा नदीच्या साथीने वर चढतात आणि सोनगडपुढे पुन्हा तापीच्या पाणलोटात उतरतात. मिंढोळा मागे सुटते आणि नवापूरची रंगावली भेटते, जी उकाईच्या जलाशयाला मिळते. एका नदीचं खोरं संपून दुसरीचं सुरू झाल्याचं मोटारीतल्या माणसाला आयुष्यात कधी कळत नाही. सायकलवाल्याला ते गिअर बदलताना कळतं.

सोनगडच्या अलीकडे रस्त्याकाठी एक पंक्चरचं दुकान आहे, अशी दुकानं या रस्त्यावर दर चार-पाच किलोमीटरला असतात. ट्रकचे टायर, काळी पडलेली पाण्याची घमेली, काँप्रेसरची धडधड. बारीक टायरची सायकल आली की दुकानदार आधी ती हाताने उचलून वजन बघतो आणि मग व्हॉल्व्हपाशी अडतो. काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर रबराची वॉलट्यूब असते, ती त्याला झोपेत बसवता येते. ट्रकचा व्हॉल्व्ह रोजचाच. पण या नव्या सायकलीचा व्हॉल्व्ह सुईसारखा बारीक, टोकाची चक्री सैल केल्याशिवाय हवा घेत नाही, आणि काँप्रेसरची नळी त्याच्यावर बसत नाही. सायकलवाल्याने खिशातून पितळी जोड काढायचा, चार आण्याच्या आकाराचा, तो फिरवून बसवायचा, मग दुकानदाराने नळी लावायची. पहिल्यांदा नळी लावली जाते ती ट्रकच्या हिशेबाने, टायर एका क्षणात दगड होतो. दुसऱ्यांदा तो स्वतःच हलक्या हाताने भरतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि समाधानाने मान डोलावतो. पैसे घ्यायला तयार नसतो. जोड मात्र परत देण्याआधी उलटसुलट करून नीट बघतो, कुठे मिळतो ते विचारतो.

सोनगडला पोहोचलं की मराठी माणसाची मान आपोआप वर जाते, टेकडीवरच्या किल्ल्याकडे. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पिलाजीराव गायकवाडांनी इथे ठाणं केलं. बडोद्याचं वैभव पुढचं, गायकवाडांची सुरुवात या जंगलातल्या टेकडीवरची. त्याआधी, १६७० मध्ये, दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतले आणि वणी-दिंडोरीला दाऊदखानाशी लढाई झाली. सुरत आणि बागलाण यांच्यामधला हा सगळा मुलूख तेव्हा दाट अरण्याचा होता. पुढे सयाजीरावांच्या राज्यात सोनगड-व्यारा आले, आणि सयाजीराव स्वतः मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ मध्ये बडोदा राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, तेव्हा या आदिवासी पट्ट्यालाही शाळा मिळाल्या.

सोनगडहून उकाई जवळ. धरण १९७२ मध्ये पुरं झालं, लांबी पाच किलोमीटरला थोडी कमी. त्याच्या जलाशयाखाली तापीकाठची सुपीक गावं गेली, गुजरातेतली आणि नवापूर-नंदुरबारकडचीही. सुरतेचा पूर आणि सुरतेचं पिण्याचं पाणी, दोन्हींच्या मुळाशी हे बुडालेलं रान आहे. पर्वत पाटियावरच्या माणसाने उकाईचा आकडा विचारताना त्या गावांचीही आठवण ठेवली पाहिजे, असं धरणाच्या भिंतीकडे बघताना ठामपणे वाटतं.

राज्याची हद्दही या धरणाने हलवली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा जलाशयाच्या आसपासचा मुलूख एका राज्यात राहावा म्हणून पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली दीडशेहून जास्त गावं गुजरातेत गेली. आजचे उच्छल आणि निझर तालुके त्यातूनच घडले. निझर तर नकाशावर महाराष्ट्रात घुसलेल्या जिभेसारखा दिसतो. माणसं तीच राहिली. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत गामित, गामता, गावित, मावची, पाडवी ही नावं एकाच नोंदीत येतात, आणि ती नोंद गुजरातच्या यादीतही आहे, महाराष्ट्राच्याही. व्याऱ्याकडे दुकानांच्या पाट्यांवर गामित दिसतो, नवापूरकडे गावित. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेला दोन्हीकडून माणसं जातात.

नवापूर रेल्वे स्थानक हद्दीवरच आहे. फलाटाचा पाचशे मीटर भाग गुजरातेत, तीनशे महाराष्ट्रात. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, आणि हद्दीवर ठेवलेल्या बाकावर मधोमध रेघ. फोटो काढायला सगळे तिथे थांबतात. पण हद्द खरी कशी असते ते रस्त्यावर कळतं. दारूबंदीमुळे गुजरातेत शिरणाऱ्या गाड्यांची झडती होते. आरटीओचे तपासणी नाके गुजरातने २०१९ मध्ये बंद केले तरी ट्रकवाल्यांच्या रांगा लावायच्या सवयी अजून गेलेल्या नाहीत. सायकलीकडे कुणी बघत नाही. पाट्यांची अक्षरं बदलतात, एसटीचा रंग बदलतो. भात, तूर, सागाची झाडं, कौलारू घरं तशीच चालू राहतात. बोली बदलली असं म्हणावं तर ती वीस किलोमीटर आधीपासून थोडीथोडी बदलतच आलेली असते. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याला भाषेची सीमा सापडत नाही.

ज्यांच्या पायांत ताकद आणि हाताशी आणखी एक दिवस आहे, ते सोनगड-व्याऱ्याकडून दक्षिणेला वळतात, बर्डीपाड्यावरून महालला. हे पूर्णा अभयारण्य, १९९० मध्ये घोषित झालेलं, १६० चौरस किलोमीटरचं. ही पूर्णा विदर्भातून येऊन चांगदेवला तापीला मिळणारी नव्हे. ही डांगच्या डोंगरांतून नवसारीकडे जाते. किलोमीटरमागे दीड मीटर चढणारा रस्ता इथे संपतो आणि खरे घाट सुरू होतात. साग आणि बांबूचं रान, वळणावळणावर उतार, प्रत्येक उताराच्या तळाशी ओढा आणि लगेच समोर चढ. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, हा रस्ता देशातल्या कोणत्याही सायकलरस्त्याच्या तोडीचा आहे. मार्चमध्ये सागाची पानं गळून रान उघडं पडतं, मोहाची फुलं वेचायला बायका-पोरं पहाटेच टोपल्या घेऊन निघतात आणि आहव्याला होळीच्या तोंडावर डांग दरबार भरतो, जिथे डांगच्या राजांना सरकार अजूनही मानाने सालाना देतं. डांग कुणाचा, मराठीचा की गुजरातीचा, यावर १९६०च्या आधी पुष्कळ वाद झाला. महालच्या चढावर सायकल हातात धरून चालणाऱ्याला डांगी बोलणारा म्हातारा पाणी देतो, त्याची बोली खानदेशच्या माणसाला समजते, भरूचच्या माणसालाही बरीचशी समजते. वादातलं बरंचसं अंतर एवढ्यात मिटतं.

परतीचा रस्ता उताराचा, म्हणून सोपा असेल असं नव्याने येणाऱ्याला वाटतं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि तो थेट खोऱ्यातून वर येतो. व्यारा ते बारडोली हा उतार या वाऱ्यात चढापेक्षा कठीण जातो. म्हणून बरेच जण पुढे-मागे एका ओळीत चालतात, दर काही मिनिटांनी पुढचा मागे येतो आणि मागचा वारा अंगावर घेतो. पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचा वारा दिवसभर तोंडावर असतो.

पर्वत पाटियाच्या पोरांमध्ये आता पुढच्या टप्प्याची भाषा चालू आहे. तापीची लांबी ७२४ किलोमीटर, उगम मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला. नवापूर ही तर सुरुवात. पुढे नंदुरबार, प्रकाशा, सारंगखेडा, मग चांगदेव, बऱ्हाणपूर आणि सातपुड्याच्या कुशीतून मुलताई. सगळ्यांना एवढी रजा मिळणार नाही. सारंगखेड्यापर्यंत मात्र दोन दिवस पुरतात. तिथे तापीकाठी दत्ताचं देऊळ आहे आणि डिसेंबरच्या सुमाराला येणाऱ्या दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेव्हा ऊसही उभा असतो, वाराही सकाळी पूर्वेकडून थंड येतो, आणि मुक्कामाला नंदुरबारला कुणाची ना कुणाची मावशी असतेच.